टाचणीची चार टिंबं

टाचणी हे नाव तिला मीच ठेवलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. बाई होतीच तशी. अंगावर मूठभर मांस नाही, केस मागे ओढून गच्च बांधलेले, आणि तोंड उघडलं की टोचणार. आमच्या वॉर्डात पहिल्यांदा आली तेव्हा ना नमस्कार, ना ओळख. दारातूनच विचारलं, या पेट्यांना हात कोण कोण लावतं? मी म्हटलं, एकवीस वर्षं माझेच हात लागतायत. तर माझ्या हातांकडे बघून म्हणते कशी, धुतलेत ना.

आता तुम्हीच सांगा. नवजात बाळांच्या वॉर्डात एकवीस वर्षं काढलेल्या सिस्टरला हात धुतलेत का म्हणून विचारायचं? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बाहेरच्या टेबलावर आमच्या नर्स पोरी खाली माना घालून हसत होत्या. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिचं बारसं करून टाकलं. संध्याकाळपर्यंत सफाईवाल्या मावशींपासून औषधाच्या खिडकीपर्यंत सगळे तिला टाचणीच म्हणायला लागले.

पेट्या म्हणजे दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना ठेवतात त्या गरम काचेच्या पेट्या. आमच्याकडे जुन्या होत्या त्यांना एक फिरवायची खुंटी होती, बस. त्या मोडीत गेल्या आणि आठ नव्या आल्या. नव्यांना छोटा पडदा होता. बाळाच्या पोटावर चिकटवलेली तार त्याचा ताप पडद्यावर दाखवायची. ताप किती झाला की अलार्म वाजायचा, तो आकडा आपण घालायचा. मी प्रत्येक पेटीला साडेसदतीस अंश सेल्सिअस घालायचे. पडद्यावर साडेसदतीस दिसायचं, मी पुढच्या पेटीकडे जायचे. रोज सकाळी तपासणीचं बटण दाबलं की अलार्म वाजायचा. म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही समजायचो.

त्या पेट्यांच्या आतला प्रोग्राम टाचणीने लिहिलेला. तिच्याबद्दल बाकीचं मला पुढे कळलं, थोडं पेट्या बनवणाऱ्या तिच्या कंपनीच्या ड्रायव्हरकडून, थोडं तिच्या वडिलांकडून. आधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांच्या तारा जोडायची. एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा तेहतीस वर्षांची. बरोबरच्या बायका घरी बसल्या, ही संध्याकाळच्या क्लासला जाऊन अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांमध्ये मागच्या बाकावर बसली आणि प्रोग्राम लिहायला शिकली. पोरं तिला आजी म्हणायची. परीक्षेत पहिली आली तेव्हा म्हणायची बंद झाली, असं तिचे वडील सांगतात.

कंपनीत बारा वर्षं काढली, पण एक माणूस तिच्या बाजूचा नव्हता. डबा उभ्याने खायची, टेबलाला टेकून, समोर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामचे कागद. दोन घास झाले की चुकीवर एक खूण. कुणी 'सुमारे दहा' म्हटलं की विचारायची, नऊ की अकरा? ड्रायव्हर म्हणायचा, मॅडम गाडीत बसल्या की मी रेडिओ बंद करतो, नाहीतर निवेदकाच्या चुका काढतात. अशा बाईला कोण जवळ करणार? चूक निघाली की लोकांना चूक नकोशी होत नाही, चूक काढणारा नकोसा होतो. हे मी तिची बाजू घेऊन बोलत नाहीये. मलाही नकोच होती ती.

तर गोष्ट त्या दुपारची. खिडक्यांचे पडदे धुवायला काढलेले. पडदे काढले की ऊन थेट तीन नंबरच्या पेटीवर येतं हे मला माहीत होतं, म्हणून मी आदल्या दिवशीच लिहून मागितलं होतं की दोन-दोन करून काढा. ऐकतंय कोण. धुलाईवाल्यांनी एका दमात सगळे नेले. मी पाच नंबरच्या बाळाला नळीने दूध देत होते. पाठीमागे तीन नंबरमध्ये एक किलो चारशेची मुलगी होती. काचेच्या पेटीवर ऊन पडलं की आत काय होतं ते उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत बसलेल्या कुणालाही विचारा. पण मी निश्चिंत होते. साडेसदतीस घातलं होतं. वाजेल.

वाजलं नाही. दूध संपवून मी वळले, आणि सवयीने, निव्वळ सवयीने, तीन नंबरच्या झरोक्यातून हात घालून पोरीच्या तळव्याला लावला. चटका बसावा तसा हात मागे आला माझा. पडद्यावर अडतीस पूर्णांक सहा. खाली मर्यादा, साडेसदतीस. आणि अलार्म ढिम्म. मी पेटी उघडली, पोरीला बाहेर घेतली, डॉक्टरांना हाक मारली. पोर वाचली. दोन दिवस तिने दूध घेतलं नाही, त्या दोन दिवसांत माझ्याही घशाखाली काही उतरलं नाही. पण वाचली.

मग सुरू झाली चौकशी. कंपनीचा साहेब आला, गोड बोलणारा, प्रत्येक वाक्याला 'आपण सगळे एकच आहोत' म्हणणारा. त्याने सरळ सांगितलं की यंत्रात दोष नाही. आकडा घातला असता तर अलार्म वाजलाच असता. नाही वाजला म्हणजे घातला नव्हता. पडद्यावर होता म्हणता? तो घटना घडल्यावर घातला असेल. किती वाजता बदलला ते यंत्र लिहून ठेवत नाही, त्यामुळे, साहेब दिलगिरीने म्हणाला, आपल्याकडे फक्त सिस्टरांचा शब्द आहे.

नाचता येईना अंगण वाकडं. पण इथे अंगण म्हणजे मी, आणि पायाखालीही मीच आले. मला वॉर्डातून काढून कपड्यांच्या खोलीत बसवलं, चादरी मोजायला. समितीपुढची चौकशी पंधरा दिवसांनी. खोटी ठरले असते तर नुसती नोकरी गेली नसती. बाळाचा जीव धोक्यात घालून वर आकडा फिरवणारी बाई, हा शिक्का घेऊन दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात कोण उभं करतं? आमचे हे म्हणाले, जाऊ दे, चूक झाली म्हणून लिहून दे, समज देऊन सोडतील. मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. न केलेली चूक मी का लिहून देऊ?

चौकशीच्या आदल्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, कपड्यांच्या खोलीच्या दारातून मला टाचणी जाताना दिसली. एकटी. खांद्याला पिशवी. बरोबर साहेब नाही, आम्हा सगळ्या सिस्टरांच्या वरच्या मेट्रनबाई नाहीत, आणि वेळ अशी की अर्धा वॉर्ड जेवायला गेलेला. मी चादरी तिथेच टाकल्या आणि मागे गेले.

तीन नंबरची पेटी चौकशीसाठी कुलपात होती. ही बया पाच नंबरपाशी. पेटीच्या मागच्या भोकात वायर खुपसलेली, मांडीवर तिचा लॅपटॉप, आणि पेटीत बाळ. ऐकताय ना? बाळ आत आणि हिची वायर मशीनला. पेट्या आल्या त्या दिवशी हिनेच आम्हाला नियम वाचून दाखवला होता की बाळ आत असताना पेटीला कुठलीही वायर जोडायची नाही, म्हणून. दोनदा वाचून दाखवला होता, आम्ही बहिऱ्या असल्यासारखा.

मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, काढ ती. ती म्हणाली, चाळीस सेकंद. मी म्हटलं, चार पण नाही, पुरावा पुसायला आलीस का गं, बाळाच्या जिवावर? तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पडद्याकडे बघत ओठ हलवत काहीतरी मोजत होती. मग मान हलवली, वायर स्वतःच काढली, गुंडाळली, पिशवीत टाकली. मी तोंडाला येईल ते बोलले. काय काय बोलले ते इथे सांगत नाही, पोरी होत्या तिथे, त्या अजून सांगतात. ती फक्त एवढं म्हणाली, "ओरडू नका, बाळ झोपलंय," आणि निघून गेली.

मी तडक मेट्रनबाईंच्या खोलीत जाऊन लेखी तक्रार दिली. तारीख, वेळ, पेटी नंबर पाच, बाळ आत असताना, परवानगीशिवाय, वायर जोडली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. खाली सही. मेट्रनबाईंनी शिक्का मारला, एक प्रत कंपनीला धाडली. मला वाटलं, मरताना निदान एक तरी घेऊन मरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची दोन माणसं 'देखभाल' म्हणून आली. यावेळी कागदपत्र चोख, बाळं एकेक करून बाहेर काढून, मेट्रनबाई समोर. आठही पेट्या बघून गेली, कुलपातलीसुद्धा. तेव्हा त्याचा अर्थ कुणाच्या ध्यानात आला नाही. माझ्याही नाही.

त्याच दुपारी चौकशी. समितीत तिघं होते. आमचे मोठे डॉक्टर, मेट्रनबाई आणि कार्यालयातले एक अधिकारी, जे सारखं घड्याळ बघत होते. तीन नंबरची पेटी मध्ये आणून ठेवली. साहेबाने मला नम्रपणे विनंती केली की सिस्टर, तुम्हीच तुमच्या हाताने साडेसदतीस घाला. मी घातलं. पडद्यावर दिसलं. मग बाळाच्या पोटाला चिकटवायची ती तार त्याने कोमट पाण्याच्या कपात सोडली आणि वरून गरम पाणी थेंब थेंब घालायला लागला. सदतीस. सदतीस पूर्णांक तीन. साडेसदतीस झाले आणि अलार्म खणखणीत वाजला.

खरं सांगते, त्या एका क्षणी मलाही वाटलं की मी घातलं नसेनच. एकवीस वर्षांत एखादा दिवस असा येतो की हात करतो आणि डोकं नसतं. तो दिवस तोच असेल. अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. साहेब हळहळून म्हणाला, माणूस आहे, चुका व्हायच्याच. मेट्रनबाई खाली बघत होत्या.

तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून टाचणी उठली. साहेबाने तिला पेटीचं झाकण वगैरे उघडायची वेळ आली तर असावी म्हणून आणलेली. ती म्हणाली, "ही पेटी आज सकाळची आहे. त्या दिवशीची नाही."

साहेब म्हणाला, मॅडम, बसा. ती बसली नाही. ती डॉक्टरांशी बोलली, आणि तिच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं, रेल्वेच्या वेळा वाचून दाखवाव्यात तसा. म्हणाली, आज सकाळी आठही पेट्यांमध्ये नवा प्रोग्राम घातला गेला. तो मीच लिहिला. काल रात्रीपर्यंत जो होता तो माझ्याकडे आहे, काल दुपारी एक वाजता पाच नंबरच्या पेटीतून मी त्याची प्रत काढली. सगळ्या पेट्यांमध्ये एकच होता. परवानगी द्या, तो परत या पेटीत घालते.

मला तिचं कालचं बोलणं आठवलं. चाळीस सेकंद.

साहेबाने बरंच काही म्हटलं. कंपनीची मालमत्ता, गोपनीय, अधिकार नाही. पण मोठे डॉक्टर त्या पोरीच्या उशाशी दोन दिवस बसलेले होते. ते म्हणाले, घाला.

तिने वायर जोडली, घातला. पडद्यावर साडेसदतीस. पुन्हा कप, पुन्हा गरम पाणी. साडेसदतीस झाले, शांत. अडतीस, शांत. साडेअडतीस. एकोणचाळीस झाले आणि अलार्म वाजला.

अधिकारी म्हणाले, असं कसं? पडद्यावर तर साडेसदतीसच आहे. डॉक्टर म्हणाले, आम्हाला कळेल असं सांगा. टाचणीने थोडा विचार केला आणि मेट्रनबाईंना विचारलं, वॉर्डच्या आतल्या खोलीत कुणी 'सिस्टर' अशी हाक मारली तर कोण बघतं? मेट्रनबाई म्हणाल्या, आत जी असेल ती. बाहेर टेबलावर मुख्य सिस्टर असल्या तरी? मेट्रनबाई म्हणाल्या, अहो, आतली आहे ना, बाहेरच्यांपर्यंत कशाला जाईल हाक. ती म्हणाली, तसंच. प्रोग्राममध्ये मर्यादा या नावाची एक जागा सगळ्यांसाठी बाहेर ठेवलेली आहे. सिस्टर आकडा घालतात तो तिथे जातो, पडदा तिथूनच वाचून दाखवतो. पण अलार्म वाजवायचा जो भाग आहे, त्याच्या आत त्याच नावाची दुसरी एक जागा होती, आणि तिच्यात एकोणचाळीस होते. अलार्म मर्यादा विचारायचा आणि आतलीच उत्तर द्यायची. बाहेरची तिथेच होती, बरोबर होती, पण तिला कुणी विचारतच नव्हतं.

मग बाहेरचीच हवी असेल तर, डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, तुम्ही 'बाहेरच्या सिस्टर' म्हणता ना, तसं आमच्या भाषेतही आहे. नावाच्या आधी चार टिंबं द्यायची, दोनावर दोन. मग आतलीला ओलांडून थेट बाहेरचीला विचारलं जातं. आज सकाळच्या प्रोग्राममध्ये मी ती चार टिंबं घातली. बाकी काही बदललेलं नाही.

चार टिंबं. माझी एकवीस वर्षं, माझा शब्द, त्या पोरीचा जीव, सगळं चार टिंबांवर टांगलेलं होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, आत ती दुसरी कुणी ठेवली? साहेब घाईने म्हणाला की टीम मोठी असते, एकाचं नाव घेणं योग्य नाही. झाकली मूठ ठेवायची संधी तिला आयती दिली होती त्याने. "मी ठेवली," ती म्हणाली. कारखान्यात पत्र्याचं छप्पर आहे, आत तापतं, तपासणी करताना अलार्म सारखा वाजायचा, एका दिवसापुरती म्हणून आत एकोणचाळीसची मर्यादा घातली आणि काढायची विसरले. असं काही झालं तर संगणक इशारा देतो की आतल्या नावाने बाहेरचं झाकलंय. पण आमच्याकडे ते इशारे दाखवणं बंद करून ठेवलंय, वाचण्यात वेळ जातो म्हणून. मी तीनदा लेखी विरोध केला. चौथ्यांदा गप्प बसले. हे सगळं तिने साहेबासमोर, त्याच्याकडे न बघता सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग माझ्याकडे बोट करून, नाव नाही, ताई नाही, म्हणाली, या बाईंनी आकडा घातला होता.

सुटले मी. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात. पोरींनी टाळ्या वाजवल्या, मावशींनी माझी खुर्ची पुसून ठेवली होती. आमचे हे म्हणाले, मला खात्री होतीच. मी चहा पुढे केला, संसार करायचा असतो.

तिचे आभार मानले का? नाही मानले. का मानू? चूक तिची. तिच्या त्या एका दिवसाच्या सोयीपायी पोर भाजली असती आणि मी देशोधडीला लागले असते. ज्याने खड्डा खणला त्याने पडलेल्याला हात दिला तर नमस्कार करायचा का? असंच मी सगळ्यांना सांगत होते, आणि सगळे माना डोलवत होते.

महिन्याभराने मेट्रनबाईंनी मला बोलावलं, खुशीत होत्या. म्हणाल्या, तुझ्या तक्रारीचं काम झालं बरं का. मला आधी कळेचना कुठली तक्रार. त्यांनी कंपनीचं पत्र पुढे सरकवलं. बाळ आत असताना, परवानगीशिवाय, पेटीला वायर जोडल्याबद्दल सदर कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे. आधार, वॉर्डच्या सिस्टरांची लेखी तक्रार, सोबत प्रत. माझी सही तळाला स्पष्ट दिसत होती.

चौकशीत खरं बोलली म्हणून तिला काढता येत नव्हतं, डॉक्टर साक्षीला होते. चुकीसाठी काढावं तर इशारे कुणी बंद केले ते निघालं असतं. माझा कागद साहेबाला आयता मिळाला. सुंठेवाचून खोकला गेला त्याचा.

घरी येऊन मी दोन ओळींचा कागद लिहिला, तक्रार मागे घेत आहे म्हणून. ड्रायव्हरकडून पत्ता काढला. चपला-बुटांच्या दुकानावर दोन खोल्या, जिना इतका अरुंद की खालून कुणी आलं तर वरच्याने परत फिरायचं. दार तिच्या वडिलांनी उघडलं, हातात काठी, डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. मी दवाखान्यातली म्हटल्यावर त्यांना वाटलं कौतुक करायला आलेय. मला बसवलं आणि लेकीचं सगळं सांगत बसले, एक्स्चेंज, क्लास, पहिला नंबर. नोकरी गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ती रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडते, म्हणाले, सहाला येते.

सहाला आली. मला बघून चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. जिन्यात चला म्हणाली. जिन्यात मी कागद पुढे केला. म्हटलं, उद्या देते, मेट्रनबाईंना आणि तुमच्या कंपनीलाही. तिने वाचला. मग विचारलं, "तक्रारीत लिहिलंत त्यात खोटं काय होतं?"

मी म्हटलं, खोटं काही नव्हतं. पण कशासाठी जोडली होती ते मला कुठे माहीत होतं.

"कशासाठी हे तुम्ही लिहिलंच नव्हतं. बाळ आत होतं. मी वायर जोडली. नियम माझाच होता." तिने कागदाची घडी घातली. "आज हा कागद दिलात की साहेब उद्या समितीकडे जाईल. म्हणेल, या बाई आज लिहितात, उद्या पुसतात. मग साडेसदतीस घातलं होतं म्हणता, तेही बघू परत. तुमच्याकडे तुमच्या शब्दाशिवाय काय आहे?"

मी म्हटलं, तुमचं प्रात्यक्षिक होतं ना. ती म्हणाली, प्रात्यक्षिकाने एवढंच दाखवलं की आकडा घातला असता तरी अलार्म वाजला नसता. घातला होता हे पेटीला सांगता येत नाही. ते फक्त तुम्ही सांगितलं आणि त्यांनी मानलं.

आणि प्रात्यक्षिकाने मला खरं ठरवलं असं मी मानत होते, गेले महिनाभर, छाती पुढे काढून. माझा राग असा आला म्हणून सांगू, तिचा, साहेबाचा, त्या दोन ओळींचा. मी म्हटलं, मग मी करू तरी काय? ती म्हणाली, काही करू नका. कामावर जा. पडदे काढतील तेव्हा उभ्या राहा तिथे. आणि पुन्हा इथे येऊ नका, बाबांना कळेल.

कागद तिने माझ्या हातात परत दिला. वर दार लागलं. मी तो फाडला नाही की दिलाही नाही, पर्समध्ये ठेवून घरी आले.

याला सात महिने झाले. अजून कुणी ठेवलेलं नाही तिला. ड्रायव्हर सांगतो, जिथे जाते तिथे आधी कंपनीला फोन जातो आणि कंपनी ते पत्र पाठवते, सोबत माझी तक्रार जोडून. ती अजून सकाळी डबा घेऊन निघते. मीही त्याच वेळेला निघते, सातला मला ड्युटीवर असावं लागतं.